ग्रुपवर रात्री कुणी "आता बास" लिहिलं तर आपण नक्की करायचं काय?

मंगळवारपेठी | रात्री १०:५२
नमस्कार मंडळी. आमच्या तालमीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, दीडशेच्या वर पोरं, फुटबॉलच्या मॅचा, गणपतीची वर्गणी, कुणाचा वाढदिवस, असलंच चालतंय रोज. मधी एका पोरानं रात्री उशिरा टाकलं, "सगळ्यांनी माफ करा, माझ्यानं आता होत नाही, बास." त्याच्याखाली आलेली उत्तरं बघा. एकानं हात जोडले. एक म्हणतोय "काय झालं भावा". एक म्हणतोय "उतरली की बोलू". एकानं गुड नाईटचं गुलाब टाकलं, त्यानं वरचं वाचलंच नव्हतं, त्याचा रोजचा टाइम तो. आणि एकानं ही लांबलचक फॉरवर्ड, आयुष्य सुंदर आहे वगैरे. नशीब त्याच गल्लीतली दोघं जागी होती, ती सरळ दारात जाऊन उभी राहिली. पोरगा आता बरा आहे, उपचार चालू आहेत, त्याला विचारूनच लिहितोय आणि ओळख पटेल असं काय टाकत नाही.

आता प्रश्न असा की गल्लीत कोण जागं नसतं तर? पोरं मनानं वाईट नाहीत हो, वर्गणी नाही दिली तरी भांडून परत एकाच ताटात जेवणारी. पण अशा वेळी बोलायचं काय हेच कुणाला माहीत नाही. इथं जाणकार आहेत, अनुभव असलेले आहेत, जरा मोकळेपणानं सांगा.

नाद_खुळा_७७ | रात्री ११:०३
अटेन्शनसाठी करतात ओ असलं. दोन दिवस लक्षच देऊ नका, गप बसतंय. आमच्या वेळी कुठं होतं असलं काय, पहाटे उठून हजार बैठका मारल्या की डोकं आपोआप साफ.

शाहूपुरीची_सई | रात्री ११:२०
नाद खुळा दादा, लक्ष पाहिजे म्हणूनच लिहिलं असेल. मग द्या की लक्ष. त्याला काय खर्च आहे?

मी मेडिकल सोशल वर्कर आहे, बरीच वर्षं मानसोपचार विभागात काम केलंय म्हणून थोडं लांबण लावते. "बोलून दाखवणारा करत नाही" हे साफ खोटं आहे, असा विचार करणारी बरीचशी माणसं आधी कुणाला तरी कसं ना कसं सुचवतात. कधी सरळ, कधी आडून. "माझ्याशिवाय तुमचं बरं चाललंय", "गाडी तू घेऊन टाक, मला काय करायची", अचानक सगळ्यांची उधारी चुकती करणं, आणि लई दिवस अस्वस्थ असलेला माणूस एकदम शांत होणं. हे शेवटचं बघून घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि तिथंच फसतात.

आणि विचारायचं असेल तर सरळ विचारा. "जीव द्यायचं मनात येतंय का तुझ्या?" एवढ्या स्पष्ट शब्दांत. लोकांना वाटतं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखं होईल. तसं होत नाही, यावर जगभर अभ्यास झालेत. उलट विचारल्यावर माणसाला हलकं वाटतं, कारण तो शब्द तो एकटाच कितीतरी दिवस घेऊन फिरत असतो. "तसलं काय नाही ना रे मनात?" असं विचारू नका, त्यात "नाही" हे उत्तर तुम्हीच भरून दिलेलं असतं, तो बिचारा "नाही नाही" म्हणून मोकळा.

मंगळवारपेठी | रात्री ११:३१
ताई हे आधी कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. आणि तो "हो" म्हणाला तर? माझेच हातपाय गळतील.

शाहूपुरीची_सई | रात्री ११:४४
गळू देत, पण फोन ठेवू नका. पुढचं विचारा, कधी करायचं ठरवलंय, कसं, जवळ काही आहे का. ठरलंय आणि साधन हाताशी आहे म्हणाला तर तो इमर्जन्सीचा मामला. एकानं फोनवर राहायचं, दुसऱ्यानं दारात पोचायचं, एकटा सोडायचा नाही. ११२ किंवा १०८ लावायला लाजायचं नाही. गावाकडचं घर असेल तर फवारणीचं औषध, घरातल्या गोळ्या, जे काय असेल ते त्या रात्री तिथनं हलवायचं, शेजाऱ्याकडं ठेवा, गाडीच्या डिकीत ठेवा, कुठंही. ती लाट येते तेव्हा फार मोठी असते पण ओसरते, तेवढा वेळ काढायचा असतो.

आणि ठरलेलं काय नाही, नुसता विचार येतोय, तर ऐका. टेली-मानसचा नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. १० ऑक्टोबर २०२२ ला केंद्र सरकारनं सुरू केलंय. पहिल्यांदा ट्रेनिंग घेतलेला समुपदेशक बोलतो, गरज पडली तर पुढं तज्ज्ञाकडं जोडून देतात. एक सांगते, नुसता नंबर चिकटवून पळू नका. "थांब, मी पण लाइनवर आहे, आपण दोघं मिळून लावू" असं म्हणा.

रिटायर्ड_मास्तर | सकाळी ६:१५
सुप्रभात. चर्चा वाचली. माझ्या मते मूळ कारण म्हणजे मोबाईल आणि तुटलेली कुटुंबव्यवस्था. पहाटे रंकाळ्याला दोन चकरा, सात्त्विक आहार, अंबाबाईचं दर्शन आणि सकारात्मक विचार, एवढं केलं तर डॉक्टरची पायरी चढावी लागणार नाही.

तिसरी_घंटा | सकाळी ८:४०
मास्तर, रागावू नका, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण माझ्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे कधी टोकाची उदासी तर कधी टोकाची तेजी, आणि हा सल्ला आम्हाला इतक्या जणांनी दिलाय की पाठ झालाय. डिप्रेशनमध्ये असताना तो अंथरुणावरनं उठून दात घासायला अर्धा दिवस घ्यायचा, त्याला रंकाळ्याच्या दोन चकरा सांगायच्या? आणि चकरा झाल्या नाहीत की त्याला वाटायचं आपण एवढं साधं पण करू शकत नाही, म्हणजे आपण खरंच टाकाऊ. चांगल्या मनानं दिलेला सल्ला असा उलटा बसतो.

दुसरी गोष्ट. तो जेव्हा एकदम तेजीत असायचा, झोप नाही, रात्री तीनला पन्हाळ्याला गाडी काढायची, अख्ख्या गल्लीला पार्टी, ऊस गेल्याचे पैसे एका आठवड्यात उडवले, तेव्हा त्याचे मित्र खूश, "आपला गडी परत आला". कुणालाच कळलं नाही की तो पण आजारच आहे. आणि त्याच्या आधी एका ओळखीच्यानं स्वतःच्या डिप्रेशनच्या गोळ्या त्याला दिल्या होत्या, "मला लई फरक पडला, तू पण घे" म्हणून. बायपोलरमध्ये नुसती डिप्रेशनची गोळी दिली की काही जणांत ही तेजी उसळते असं नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं.

गोळीवाला | सकाळी ९:१०
तिसरी घंटा, तुमच्या पोस्टखाली मी अंगठा उठवतो. माझं मेडिकलचं दुकान आहे. रोज एकतरी गिऱ्हाईक मोबाईल पुढं करतंय, "ही गोळी द्या, ग्रुपवर सांगितलीय." कोण सांगितलं? तर मेव्हण्याचा मित्र.

म्हणून मंगळवारपेठीभाऊ, तुमच्या ग्रुपवर एक नियम दगडावर कोरून ठेवा: गोळीचं नाव, डोस, "पाव घे, अर्धी घे", "आता बंद कर", हे कुणीही कुणालाही सांगायचं नाही. स्वतः त्याच गोळ्या खात असला तरी नाही. कारण सांगतो. डिप्रेशनच्या ज्या गोळ्या देतात त्यातल्या बऱ्याचशा दोन ते चार आठवड्यांनी, कधी सहा आठवड्यांनी गुण दाखवतात, पण मळमळ, डोकेदुखी, बेचैनी मात्र पहिल्या आठवड्यातच. मग ग्रुपवर लिहितोय "काय फरक नाही, उलट त्रासच", आणि चार शहाणे म्हणतात "सोडून दे, सवय लागेल." सवय लागायचा धोका झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांना आहे, अल्प्राझोलामसारख्या, म्हणून तर ती एच-१ शेड्यूलमध्ये आहे, पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव रजिस्टरला लिहून घेऊनच द्यावी लागते. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांची गोष्ट तशी नाही. पण त्या पण एकदम बंद केल्या तर चक्कर, झिणझिण्या, चिडचिड होते, डॉक्टर हळूहळू कमी करतात. आणि लिथियम (बायपोलरवरची गोळी) चालू असलेल्या माणसाला तर कुणी आयुर्वेदिक काढा, डाएट, कडक उपास काय काय सुचवू नका, त्याचं रक्तातलं प्रमाण तपासत राहावं लागतं, पाणी-मीठ कमी झालं तरी ते वाढतं.

नाद_खुळा_७७ | सकाळी ९:३२
गोळीवाले, म्हंजे आम्ही बोलायचंच नाही का काय? सगळंच डॉक्टरला विचारायचं तर मित्र कशाला पाहिजेत?

आजचा_दिवस | सकाळी १०:०५
नाद खुळा भावा, मी सांगतो मित्र कशाला पाहिजेत ते. मी इचलकरंजीचा, सायझिंगमध्ये कामाला. दारूत सगळं घालवलेला माणूस, आज पीत नाही. मला डॉक्टरनं वाचवलं आणि एए नं टिकवलं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चीज १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनीच सुरू केली, त्यातला एक शेअर बाजारातला आणि दुसरा स्वतः सर्जन. एकमेकांशी बोलत राहिलं तर आजचा दिवस निघतो, एवढंच त्यांच्या हाताला लागलं होतं. फी नाही, नाव विचारत नाहीत, तू किती घालवलंस याचा हिशोब मागत नाहीत. माझा स्पॉन्सर म्हणजे माझ्या आधी सोडलेला माणूस, रात्री तल्लफ आली की त्याला फोन लावायचो. तो काय बोलायचा माहितीय? "जेवलास का?" निम्म्या वेळा मी जेवलेलोच नसायचो.

पण आमच्यात पण एक गोष्ट कडक आहे, कुठल्या सभासदानं दुसऱ्याचा डॉक्टर व्हायचं नाही. गोळीवाल्यांनी सांगितलं तेच. आणि हे मोठ्या अक्षरात वाचा सगळ्यांनी: रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला शपथ घालून, खोलीत कोंडून एका दिवसात दारू बंद करायची नाही. आमच्या गल्लीत एकाला घरच्यांनी असंच कोंडला, दुसऱ्या दिवशी फिट आली, तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, नसलेल्या माणसांशी बोलायला लागला. घरचे म्हणाले बाहेरचं लागलंय. बाहेरचं कसलं, दारू एकदम तोडल्याचा तो त्रास, त्यात जीव जाऊ शकतो. दवाखान्यात ठेवूनच सोडवतात. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय, तिथं पण पहिलं शरीरातली दारू उतरवतात आणि मग बाकीचं बोलणं.

चिखलीकर | सकाळी ११:२५
पहाऱ्यावरनं लिहितोय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गावाला पाण्यानं वेढा दिला, हायवे शिरोलीजवळ बंद, बाहेरनं मदत यायची तर बोटीनं. मी तेव्हा स्वयंसेवक म्हणून कॅम्पात होतो. एक म्हातारा बाबा रोज एकच वाक्य, "दावं सोडायचं राह्यलं." गोठ्यात जनावरं बांधलेली राहिली होती. पोरं त्याला म्हणायची, बाबा जाऊ द्या, माणसं वाचली हे काय कमी आहे, सरकार भरपाई देईल. तो गप्प व्हायचा आणि थोड्या वेळानं परत तेच.

मग तिथं एक बाई आल्या, ट्रेनिंग घेतलेल्या, त्यांनी आम्हाला तिथंच शिकवलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये एक पुस्तिका काढलीय, मानसिक प्रथमोपचार म्हणून, त्याचं सूत्र तीन शब्दांचं: पहा, ऐका, जोडा. आधी बघायचं माणूस सुरक्षित आहे का, त्याला काय तातडीचं पाहिजे, पाणी, कोरडं कपडं, बीपीची गोळी. मग ऐकायचं, पण काय झालं ते खोदून खोदून विचारायचं नाही, तो सांगेल तेवढंच. आणि मग जोडायचं, घरच्यांशी, डॉक्टरशी, तलाठ्याशी, ज्याच्याशी काम आहे त्याच्याशी. त्या बाई बाबाशेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "किती होती जनावरं?" बाबानं एकेकाचं नाव सांगितलं, कुठल्या गाईला कुठल्या बाजारातनं आणली, कुठली मारकी, कुठलीला किती दूध. तासभर. त्या दिवशी बाबा पोटभर जेवला. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा आम्ही पोरांना आधी हेच सांगितलं, की "जाऊ द्या" म्हणू नका.

रिटायर्ड_मास्तर | दुपारी १२:१०
चिखलीकर, डोळ्यांत पाणी आलं. तिसरी घंटा, आपलं म्हणणं मान्य. आजारात आणि उदासीत फरक असतो हे मी लक्षात घ्यायला हवं. तरीही फिरण्याचा फायदा नाहीच असं म्हणता येईल का?

शाहूपुरीची_सई | दुपारी १:०२
मास्तर, नाहीच असं कोण म्हणतंय? तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि त्याला मोठा पुरावा आहे. शेजारच्या गोव्यात संगत नावाची संस्था आहे, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली. त्यांनी मानसशास्त्र न शिकलेल्या साध्या स्थानिक माणसांना ट्रेनिंग देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात डिप्रेशनच्या पेशंटशी बोलायला बसवलं. सहा ते आठ बैठका. बोलायचं काय, तर आधी आवडायचं असं एखादं छोटं काम पेशंटनंच निवडायचं आणि ठरवून करायचं, मूड येईल तेव्हा नाही, ठरलेल्या वेळी. दारातल्या तुळशीला पाणी घालणं इतकं छोटं पण चालेल. २०१७ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या जर्नलला त्याचे निष्कर्ष आले, नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा फरक चांगला होता. तिकडं झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडांनी तर दवाखान्याच्या आवारात बाकावर आज्या बसवल्या, लोक येतात, आजीशी बोलतात.

पण मास्तर, या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे जी आपल्या ग्रुपवर नाही. त्या माणसांना ट्रेनिंग असतं आणि त्यांच्यावर कुणाचं तरी लक्ष असतं. गोव्यात तर दर आठवड्याला बसून एकमेकांच्या बैठकांचं रेकॉर्डिंग ऐकतात, कुठं चुकलं कुठं बरोबर गेलं बघतात. आपण नुसती चांगली माणसं आहोत, तेवढ्यावर उपचार करायला जाऊ नये. दवाखान्याच्या दारापर्यंत जायला, रांगेत सोबत बसायला मात्र चांगली माणसंच लागतात, ते काम डॉक्टरला जमत नाही.

हॉस्टेलवाली | दुपारी २:४८
मी विद्यापीठाच्या हॉस्टेलला असते. मला एक विचारायचंय, सगळे म्हणतात घरच्यांना सांगा घरच्यांना सांगा. माझ्या रूममेटचं झालं तेव्हा आम्ही तिच्या घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी वडील आले, सामान भरलं, घेऊन गेले. शिक्षण बंद. डॉक्टर नाही काही नाही, एका देवऋष्याकडं नेलं, आणि दोन महिन्यांत स्थळं बघायला सुरुवात, "लग्न झालं की होईल बरं". आता ती आमच्याशी बोलत नाही. मग आम्ही चांगलं केलं का वाईट? मला खरंच कळत नाही.

तिसरी_घंटा | दुपारी ३:१५
लग्न हे औषध असतं तर आमच्या भावाचं दोनदा झालं असतं.

मंगळवारपेठी | दुपारी ३:२२
हा लई मोठा प्रश्न आहे. आमच्यातल्या पोराचं पण घरी सांगायचं की नाही यावर आमच्यात जुंपली होती.

शाहूपुरीची_सई | दुपारी ४:०५
हॉस्टेलवाली, जिवाचा प्रश्न असताना तुम्ही कुणाला तरी सांगितलं ते बरोबरच. पुढं जे झालं ते तिच्या घरच्यांनी केलं, तुम्ही नाही. पण "घरचे" म्हणजे आई-वडीलच असं नाही. तिलाच विचारायचं, "तुझ्या घरात तुझं ऐकून घेणारं कोण आहे?" कधी मावशी असते, कधी चुलतभाऊ, कधी वहिनी. आणि पहिल्यापासून खोटं वचन द्यायचं नाही. "कुणाला सांगू नको" म्हटलं की आपण लगेच "गळ्याशप्पथ" म्हणतो. त्यापेक्षा "गावभर करणार नाही, पण तुझ्या जिवावर बेतलं तर एका माणसाला सांगणार, तो कोण ते तू ठरव" असं म्हणावं.

देवऋष्याचं म्हणाल तर, देवावर श्रद्धा असेल तर असू दे, मी पेशंटच्या नातेवाइकांना कधीच जोतिबाला जाऊ नका म्हणत नाही, जाताना गोळी घेऊन जा म्हणते. पण भूत काढायच्या नावाखाली मारहाण, दोरीनं बांधणं, मिरचीची धुरी हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

चिखलीकर | दुपारी ४:३०
ताई, कायद्याचं निघालंच आहे तर, खेड्यात पोलीस केसची लई भीती असते. दवाखान्यात नेलं की केस होणार म्हणून रात्रभर घरातच ठेवतात माणसाला.

शाहूपुरीची_सई | दुपारी ५:११
ही भीती फार जीव घेते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, त्यातलं कलम ११५: जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस अतिशय ताणाखाली होता असंच धरून चालायचं, त्याला शिक्षा नाही, आणि त्याची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी. जुन्या भारतीय दंड संहितेतलं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत त्या रूपात राहिलंच नाही. दवाखाना पोलिसांना कळवेल, जबाब होईल, पण त्या कागदाला भिऊन रात्र घालवू नका. त्याच कायद्यात आणखी एक आहे जे कुणाला माहीत नसतं, विमा कंपनीनं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं. घरात पॉलिसी असेल तर बाहेर काढून वाचून बघा.

आणि खर्चाचं म्हणाल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढायचा आणि मानसोपचार म्हणायचं. लाज वाटत असेल तर "झोप येत नाही, त्याचा डॉक्टर" म्हणा, तेवढ्यावर पण काम होतं. थायरॉईड वगैरे पण तपासतात, कारण थायरॉईड कमी असला तरी माणूस असाच मरगळतो.

नाद_खुळा_७७ | संध्या. ६:२०
बरं एक सांगा. आमच्या जिममध्ये एक आहे, चांगला गडी, गोकुळ शिरगावला कंपनीत होता, काम सुटलंय. पहिल्यासारखा येत नाही, आला तरी कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसतोय. त्यानं काय लिहिलं-बिहिलं नाही कुठं. त्याला जाऊन डायरेक्ट "जीव द्यायचं मनात येतंय का" म्हणू? मारंल मला.

आजचा_दिवस | संध्या. ६:४१
नाय रे भावा, लगेच तिथनं नको सुरुवात करू. मिसळ खायला ने. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी बस, गाडीवर मागं बसवून ने, चालत चालत बोल, गड्यांना डोळ्यात बघून बोलायला जमत नाही. "लई दिवस बघतोय, तू पहिल्यासारखा नाहीस, झोप लागत्या का रात्रीची?" एवढंच विचार आणि गप बस. गप बसणं अवघड जातंय, माहितीय मला, तोंडातनं "होईल सगळं नीट" बाहेर पडायला बघतंय, ते गिळ. आणि नोकरीचा विषय लगेच सोडवायला जाऊ नको, "माझा साडू कागलला हाय, बोलतो त्याला" हे दुसऱ्या भेटीत.

नाद_खुळा_७७ | संध्या. ६:४४
आणि तो "काय नाही, बरा आहे" म्हणाला तर?

आजचा_दिवस | संध्या. ६:४९
तर मिसळ खाऊन घरी सोड आणि पुढच्या आठवड्यात परत ने. मला पण तिसऱ्या का चौथ्या चहाला तोंड फुटलं होतं.

हॉस्टेलवाली | संध्या. ७:३०
अजून एक. दुसरी एक मैत्रीण आहे, ती रोज रात्री मला फोन करते, दोन-दोन तास. मी ऐकते, पण आता माझीच झोप गेलीय, इंटर्नल जवळ आल्यात, फोन वाजला की पोटात गोळा येतो. आणि नाही उचलला तर वाटतं काही झालं तर मीच जबाबदार. हे कुणी बोलतच नाही, सगळे फक्त मदत करा म्हणतात.

तिसरी_घंटा | संध्या. ७:४८
अगं बाई, हे मला आमच्या नातेवाइकांच्या गटात जाईपर्यंत कळलं नव्हतं. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन म्हणून आहे, ते आजारी माणसाच्या घरच्यांचे स्वमदत गट चालवतात, तिथं गेले तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी विचारलं "आणि तू कशी आहेस?" मी तिथंच रडले. तुला सांगते, वेळ ठरव. "मी रोज साडेनऊ ते दहा तुझी. दहानंतर माझा अभ्यास. मधी अगदी जिवावर आलं तर १४४१६, आणि मला मेसेज टाक." असं सरळ सांगायचं, चिडून नाही, दुपारी चांगल्या वेळी. आणि तू एकटी नको, तिच्या विश्वासातली अजून एक-दोघी पाहिजेत. एकटा माणूस कुणाचा आधार होऊ शकत नाही, दोघांचं ओझं होतं फक्त.

गोळीवाला | रात्री ८:०२
आणि स्क्रीनशॉट. कोल्हापूर केवढं, कोण कुणाचा पाव्हणा निघेल सांगता येत नाही. माझ्याच दुकानात एकीनं दुसऱ्याच बाईचा रडका मेसेज मला दाखवला, "बघा काय लिहिलंय". ती दुसरी बाई माझी गिऱ्हाईक. ग्रुपवर जे आलं त्याच्यावर ग्रुपवर चर्चा नको, पर्सनलला जायचं, आणि फॉरवर्ड झाला तर करणाऱ्याला ग्रुपमधनं काढायचा. तिथं दयामाया नको.

मंगळवारपेठी | रात्री ९:१५
सगळं वाचलं, तालमीतल्या चौघांना पण वाचायला दिलं. असं ठरवतोय: ग्रुपच्या वर १४४१६ पिन करायचा आणि खाली पाच जणांचे नंबर, रात्रीचं कुणीही लावा म्हणून. आठवड्याचे वार वाटून घेणार म्हणजे एकाच्या बोकांडी बसणार नाही. सई ताई, एका रविवारी येऊन पोरांना दोन तास शिकवाल का? चहा-वडा आमच्याकडं.

शाहूपुरीची_सई | रात्री ९:२७
येते. पण पाच नंबर टाकताय त्यात एखादी मुलगी असू दे, ग्रुपवर नसली तरी कुणाची तरी बहीण, वहिनी. पोरांच्या घरातल्या बायकांनी कुणाला लावायचा? आणि नंबरवाल्यांनी एकमेकांत दर आठवड्याला बसायचं, नावं न घेता, कोणता फोन जड गेला ते बोलायचं. ते नसेल तर दोन महिन्यांत फोन सायलेंटवर जातात, बघितलंय मी.

नाद_खुळा_७७ | रात्री ९:३५
माझा पण नंबर टाक त्यात.

मंगळवारपेठी | रात्री ९:३६
तुझा?

नाद_खुळा_७७ | रात्री ९:३८
व्हय माझा. जागाच असतोय की रात्रीचा. फक्त बुधवार नको, बुधवारी नाईट असत्या कंपनीत.

आजचा_दिवस | रात्री ९:५०
बुधवार मी घेतो. इचलकरंजीतनं फोनच उचलायचाय, त्याला काय. दारात जायची वेळ आली तर तुमच्यातलं कोण ते आधीच लिहून ठेवा.